कन्नड ग्रंथातील विवेचन मराठीत उतरवले, तर ते वाङ्मयचौर्य ठरते का?

प्रश्न (खानापूर)
खानापूर तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या हा माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय आहे. ओव्यांशेजारी कन्नड घरांतील बीसुकल्लिन पदे (जात्यावरची कन्नड गाणी) ठेवून पाहावीत, म्हणून मी एका कन्नड ग्रंथातील सुमारे तीन पानांचे विवेचन मराठीत उतरवले. तळटीप दिली नाही. मैत्रिणीच्या मते वाक्ये माझी आहेत आणि साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीला कन्नडवरून आलेले मराठी ओळखता येणार नाही. लघुप्रबंध सादर करायला दहा दिवस उरले आहेत, पण मन स्वस्थ नाही. माझे चुकले आहे का?

उत्तर (निपाणी, निवृत्त प्राध्यापक)
होय, चुकले आहे. परंतु प्रबंध अजून तुमच्याच हाती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या करताना दुसऱ्याच्या लेखनाबरोबर दुसऱ्याची कल्पनाही धरली आहे, त्यामुळे भाषा बदलली तरी विचाराची मालकी बदलत नाही. आपल्या सीमाभागात हा मोह अधिक, कारण आपण घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि ग्रंथालयात इंग्रजी वाचतो आणि एका भाषेतले दुसरीत आणणे हा आपला नित्याचा व्यवहार आहे. नेमके म्हणूनच, कोणते वाक्य कुठून आले हे आपण इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे सांगितले पाहिजे. ग्रंथाचा पृष्ठांक द्या आणि ‘मराठी अनुवाद प्रस्तुत अभ्यासकाचा’ असे स्पष्ट लिहा.

उत्तर (टिळकवाडी, संशोधक विद्यार्थी)
सरांशी सहमत आहे, पण केवळ तळटीप पुरेशी नाही. तीन पाने सलग दुसऱ्याची असतील, तर त्या प्रकरणात तुमचे काय, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. अर्धे पान अवतरण म्हणून ठेवा. बाकीच्या जागी तुम्ही स्वतः गोळा केलेल्या ओव्या त्या विवेचनाला दुजोरा देतात की छेद देतात, ते लिहा.

संगणकप्रणाली दाखवते त्या साम्याच्या टक्केवारीबद्दलही अनेकांचा गैरसमज असतो. त्याच विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत असल्यास जास्तीत जास्त 6 महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते. 40 ते 60 टक्क्यांना सुधारित प्रत देण्यास एक वर्ष बंदी. त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. मात्र हे आकडे दंड ठरवण्यासाठी आहेत. तेवढे उचलण्याची मुभा त्यांतून मिळत नाही.

प्रश्नकर्ती
सर, दादा, आभारी आहे. आज मार्गदर्शकांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत, प्रकरण पुन्हा लिहायला सांगितले. आता दुसरीच शंका आली आहे. ज्या आजींनी मला चाळीसेक ओव्या म्हणून दाखवल्या, त्यांचा उल्लेख मी ‘एक वृद्ध स्त्री’ एवढाच केला आहे.

उत्तर (निपाणी)
ग्रंथकाराइतकाच त्यांचाही मान राखला पाहिजे, मग त्या ओव्या परंपरेने आलेल्या का असेनात. नाव छापलेले चालेल का, हे त्यांनाच विचारा. होकार दिला, तर प्रत्येक ओवीखाली नाव, गाव आणि ओवी नोंदवल्याची तारीख द्या.