सारखं पोट बिघडतंय, कोणतं पाकीट आणू?

ए-४०१: सोसायटीच्या पेट ग्रुपमधल्या जाणकारांना प्रश्न. आमचा कुत्रा सिम्बा, इंडी (देशी), ३ वर्षं, २० किलो. तीन महिन्यांत चौथ्यांदा जुलाब. दर वेळी चिकन-भात, दही आणि गोळ्यांचा कोर्स. पाच दिवसांत बरा, मग पुन्हा तेच. लॅम्बचं ड्राय फूड आणू का?

सी-१०२: पाकिटाचं नंतर बघू काकू. आधी पॉटी कशी होते ते सांगा. दिवसातून २-३ वेळा भरपूर, पातळ, आणि वजन उतरतंय? की ७-८ वेळा कुंथून थोडी थोडी, शेंबडासारखी, शेवटी ताज्या रक्ताचा ठिपका?

ए-४०१: पहिल्यासारखी. २२ चा २० झालाय.

सी-१०२: म्हणजे लहान आतड्याचं दुखणं दिसतंय. वजन उतरतंय तर नुसता आहार बदलून थांबू नका. पॉटी तपासायला द्या, तीही वेगवेगळ्या तीन दिवसांची. जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) रोज सापडत नाही, एका नमुन्यात निसटू शकतो. रक्तात अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), बी१२ जीवनसत्त्व आणि टीएलआय (स्वादुपिंडाची तपासणी) बघायला सांगा. टीएलआय खूप कमी म्हणजे स्वादुपिंडाची पाचकद्रव्यंच तयार होत नाहीत, मग जेवणात एन्झाइमची पावडर मिसळल्याशिवाय कुठलंही पाकीट चालणार नाही. बी१२ कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय चांगल्या आहाराचाही गुण येत नाही. आणि अल्ब्युमिन घसरलेलं असेल तर घरचे प्रयोग बंद, सरळ डॉक्टर.

बी-७०३: दर वेळी अँटिबायोटिक देणंही बरं नव्हे. मेट्रोनिडाझोलने पॉटी पटकन घट्ट होते म्हणून सगळे खूश, पण आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि पुढचा फेरा तयार.

डी-६०४: तपासण्या ठीक आल्या तर आहाराची चाचणी. आता चिकन-भाताबद्दल. "पोट बिघडलं की चिकन-भात" हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की चिकनच सोसत नसेल, ही शंका कुणाला येत नाही. ज्या प्रथिनाचा त्रास होतो ते बहुतेक वेळा रोजच्या खाण्यातलंच असतं: चिकन, दूध, गहू. म्हणून चाचणीत त्याने आजवर न खाल्लेलं प्रथिन हवं, किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेलं की शरीराला ते ओळखू येत नाही.
लॅम्बच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. पुढे मेंढीचं चित्र, मागे चिकन मील (चिकनची सुकी पूड) किंवा चिकन फॅट. चाचणीला ते उपयोगाचं नाही.

ए-४०१: हायड्रोलाइज्ड फार महाग आहे हो. घरी काही जमेल?

डी-६०४: मासे कधी खाल्ले नसतील तर जमेल. २० किलोच्या, फार न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० कॅलरी धरा:
बासा माशाचे फिले (बिनकाट्याचे तुकडे) ५०० ग्रॅम (कच्चं वजन), पाण्यात शिजवून
सोललेला, उकडलेला बटाटा ५०० ग्रॅम
सूर्यफूल तेल १ छोटा चमचा
मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. हिरवट बटाटा टाकून द्या. दिवसातून ४ वेळा विभागून. आधीच्या खाण्यात पाव, अर्धं, पाऊण असं मिसळत ५-६ दिवसांत पूर्ण बदला.

सी-१०२: दर रविवारी वजन करा, घटलं तर १० टक्के वाढवा. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर २ आठवड्यांत दिसतो. खाज असती तर ८ आठवडे थांबावं लागलं असतं.

बी-७०३: आणि हे २-३ आठवड्यांपुरतंच. यात कॅल्शियम, झिंक, आयोडीन, ई जीवनसत्त्व पुरेसं नाही. पुढे तेच चालू ठेवायचं तर पशुआहारतज्ज्ञाकडून मापं घ्या. पिल्लाला तर हे इतके दिवसही नको, हाडं वाढत असतात.

ए-२०५: वरून थोडं दही चालेल ना? पचायला हलकं असतं.

डी-६०४: नाही मावशी. दह्यात लॅक्टोज कमी असलं तरी दुधाचं प्रथिन तेच. चाचणीत एक घासही वेगळा नको. गोचिडांची चघळायची गोळी, जंताची चवदार गोळी यांतही प्राण्यांचं प्रथिन असू शकतं. डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरते मानेवर टाकायचे थेंब घ्या.

सी-१०२: खरी गळती आपल्या सोसायटीतच आहे. गेटवर ग्लुकोज बिस्किट, लिफ्टमध्ये पोळीचा तुकडा, जिन्याखाली भटक्यांसाठी ठेवलेलं दूध. दोन आठवडे सिम्बाला मागच्या गेटने न्या आणि सिक्युरिटीला आजच सांगा. एक बिस्किट गेलं तर नंतरच्या जुलाबाचा दोष बाशाला द्यायचा की गव्हाला, कळणार नाही.

ए-४०१: आणि बरा झाला की?

डी-६०४: मग जुनं खाणं मुद्दाम परत द्या, जास्तीत जास्त दोन आठवडे. काही दिवसांत पुन्हा बिघडलं तर कारण सापडलं, लगेच बाशावर परत. नाही बिघडलं तर तो आपला आपण बरा झाला होता. ही पायरी कुणी करत नाही आणि मग कुत्रा जन्मभर उगाच पथ्यावर.

बी-७०३: काळी डांबरासारखी पॉटी, सारख्या उलट्या, पाणीही न टिकणं, पोट फुगणं, यांपैकी काहीही दिसलं तर चाचणी तिथेच सोडून दवाखाना. माणसांची जुलाबाची गोळी देऊ नका.

ए-४०१: बरं. बासा गोठवलेला मिळतो, वजन पाकिटावरचं धरू?

डी-६०४: नको, त्यावर बर्फाचा थर असतो. रात्री फ्रिजमध्ये खाली वितळू द्या, पाणी निथळा, मग ५०० ग्रॅम तोला.