मदत हवी आहे : २०१५ नंतर नेपाळी जनमत भारताविषयी किती बदललं, हे आज मोजता येईल का?

नमस्कार मंडळी,

राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. लघुप्रबंधाचा विषय ठरला आहे, पण पद्धतीवर घोडं अडलंय. इथे सर्वेक्षणाचं काम केलेले, नेपाळमध्ये राहून आलेले लोक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. भारताचं ‘ऑपरेशन मैत्री’ हे मदतकार्य त्याच दिवशी सुरू झालं. जूनमध्ये काठमांडूच्या परिषदेत सुषमा स्वराज यांनी एक अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. मग २० सप्टेंबरला नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यात, तिथल्या मधेसी समाजाचं या घटनेविरुद्धचं आंदोलन पेटलेलं होतंच, आणि काही दिवसांत भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-वीरगंज नाक्यावरची मालवाहतूक थांबली. आम्ही नाकाबंदी केलेली नाही, आंदोलनामुळे नेपाळच्या हद्दीत ट्रक सुरक्षित नाहीत, ही भारताची अधिकृत भूमिका. काठमांडूत मात्र दोष थेट भारताला दिला गेला. फेब्रुवारी २०१६ पर्यंत पेट्रोल, औषधं, गॅस सिलिंडर यांची ओढाताण चालली, आणि घर पडलेली हजारो कुटुंबं तो हिवाळा पत्र्याच्या आडोशाला होती.

म्हणजे शेजारी एकच, वर्ष एकच, आणि त्यात मदतही आली, झळही बसली. माणसाच्या मनात यातलं काय टिकतं? आणि लोकांच्या त्या मताचा सरकारच्या परराष्ट्र धोरणावर काही परिणाम होतो का? मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे शेजाऱ्यांबद्दल बोलताना त्यांची सरकारं आणि चीन एवढंच बोललं जातं, तिथल्या माणसांचं मत कुणी विचारत नाही.

वाचन बऱ्यापैकी झालं आहे. ऑक्टोबर २००५ च्या पाकिस्तानातल्या भूकंपावर अंद्राबी आणि दास यांचा अभ्यास आहे. त्यांनी चार वर्षांनंतर गावोगाव पाहणी केली, तेव्हा भूकंपाच्या भ्रंशरेषेजवळच्या (जिथे जमिनीचे थर सरकले त्या रेषेजवळच्या) गावांत परदेशी माणसांवरचा विश्वास लांबच्या गावांपेक्षा जास्त निघाला. याउलट बाजूला अफगाणिस्तान. लायल, ब्लेअर आणि इमाई यांनी २०११ मध्ये पाच पश्तूनबहुल प्रांतांतल्या २०४ गावांत विचारणा केली. परदेशी फौजांकडून इजा झाली की लोक त्यांच्यापासून दूर जात आणि तालिबानकडे झुकत, पण तालिबानकडून इजा झाली तर लोक परदेशी फौजांकडे वळत नव्हते. आपला आणि परका यांना लावलेला हा वेगळा न्याय वाचून मी बराच वेळ त्या पानावर थांबले होते.

धोरणावरच्या परिणामाचं ठळक उदाहरण तुर्कस्तानचं. अमेरिकी फौजांना इराकच्या युद्धासाठी तुर्की भूमी वापरू देण्याचा ठराव १ मार्च २००३ ला संसदेत आला. बाजूने २६४, विरोधात २५० मतं पडली, १९ तटस्थ राहिले, आणि उपस्थितांचं बहुमत न झाल्याने तो पडला. जनमत कमालीचं विरोधात होतं. गोल्डस्मिथ आणि होरिउची यांनी त्याच वर्षाची ५८ देशांची माहिती तपासली. इराकला सैन्य पाठवण्यावर जनमताचा मोठा परिणाम दिसला, संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानावर अगदी थोडा. जो प्रश्न लोकांच्या तोंडी असतो तिथेच सरकार लोकांकडे बघतं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता माझी अडचण. नाकाबंदीच्या आधीच्या मताशी तुलना करता येईल अशी, जिल्हावार फोड असलेली पाहणी माझ्या हाताशी नाही. मार्गदर्शक म्हणतात, ‘आधी’ नसेल तर ‘नंतर’ला अर्थ नाही. म्हणून पाकिस्तानच्या अभ्यासासारखं अंतर वापरावं असं डोक्यात आलं, म्हणजे सीमेपासून लांब जावं तशी टंचाईची झळ जास्त. पण सीमेजवळच्या तराईत मधेसी राहतात, बरेचसे आंदोलनाच्या बाजूचे, सीमेपलीकडे सोयरीक असलेले. त्यांचं मत वेगळं आलं तर ते टंचाईमुळे की ओळखीमुळे, हे कसं सांगणार?

दुसरा पेच कालक्रमाचा. राग सप्टेंबरमध्ये सुरू झाला असंही नाही. भूकंपाच्या वार्तांकनावर चिडून ‘गो होम इंडियन मीडिया’ हा हॅशटॅग मे महिन्यातच फिरत होता, ‘बॅक ऑफ इंडिया’ नंतर आला. आणि २०१७ च्या निवडणुकीत नाकाबंदीच्या काळात पंतप्रधान असलेल्या ओलींच्या एमाले या कम्युनिस्ट पक्षाने आणि माओवादी केंद्र या पक्षाने मिळून २७५ पैकी १७४ जागा घेतल्या. लोकांच्या रागाने ओलींना उभं केलं, की ओलींच्या प्रचाराने तो राग जिवंत ठेवला?

साधारण ३०० मुलाखती होतील एवढीच ऐपत आहे. शिवाय विचारणारी भारतीय, म्हटल्यावर समोरचा भारताबद्दल खरं बोलेल का, हीही धास्ती आहे. अफगाणिस्तानातली आडून विचारण्याची पद्धत मला जमेल का? कृपया मोकळेपणाने सांगा. विषय बदल, एवढं मात्र सांगू नका!

प्रतिसाद १

विषय उत्तम आहे, बदलू नका. पण यात दोन प्रबंध आहेत, त्यातला एक निवडा. मताचा धोरणावरचा परिणाम एका देशाच्या एका निवडणुकीवरून सिद्ध होणार नाही. तो भाग प्रस्तावनेत ठेवा आणि मदत मनात टिकली का, एवढंच मोजा.

सीमेपासूनचं अंतर सोडून द्या, तुमची शंका रास्त आहे. भूकंपाची भ्रंशरेषा जात-भाषा बघून गेलेली नव्हती, म्हणून तिथे अंतर चाललं. सीमा तशी नाही.

त्याऐवजी हे बघा. भारताच्या घरबांधणी मदतीतली ५०,००० घरं गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत होती. मधला धादिङ जिल्हाही भूकंपाने तितकाच मोडला होता, पण या योजनेत नव्हता. तिन्ही डोंगरी, टंचाई तिन्हीकडे. नुवाकोट आणि धादिङची लगतची गावं घेतलीत तर झळ जवळपास सारखी राहते आणि मदत वेगळी होते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. तामांग या जनजातीची वस्ती नुवाकोटमध्ये जास्त आहे, तेव्हा समाजाची नोंद घ्या. आणि धादिङमधून काठमांडूला जाणारा पृथ्वी राजमार्ग हा हमरस्ता जातो. त्या रस्त्यावरच्या बाजारातल्या माणसाने ट्रकांची वर्दळ थांबलेली रोज बघितली, त्याचं मत आतल्या गावापेक्षा वेगळं असू शकतं. हमरस्त्यावरची गावं टाळा.

सगळ्यात आधी एक साधा प्रश्न विचारा : तुमचं घर कुणाच्या मदतीने उभं राहिलं? भारताचं काम तिथे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत झालं, घर मालकाने स्वतः बांधलं, हप्ता बँकेत आला. पैसा भारताचा होता हे घरधन्याला ठाऊकच नसेल, तर मत बदलण्याचा प्रश्नच येत नाही. पाकिस्तानात परदेशी माणूस गावात दिसला होता, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद २

आडून विचारण्याबद्दल थोडं. अफगाणिस्तानात तुरुंग सुधारणा, जिल्हा परिषदांची थेट निवडणूक असे प्रस्ताव लोकांपुढे ठेवले होते. काहींना नुसता प्रस्ताव सांगितला, काहींना ‘याला परदेशी फौजांचा पाठिंबा आहे’ असं जोडून सांगितलं. पाठिंब्यात पडलेला फरक म्हणजे फौजांबद्दलचं मत. उत्तर देणाऱ्याला फौजांविषयी थेट काहीच बोलावं लागत नाही. तुम्ही सीमापार वीजविक्रीसारखा प्रस्ताव घेऊन हे करू शकता.

पण हिशोब बघा. ३०० माणसांचे १५०-१५० चे दोन गट केले आणि पाठिंबा निम्म्याच्या आसपास असला, तर ११ टक्के-बिंदूंपेक्षा कमी फरक योगायोगाचा नाही असं म्हणता येणार नाही. एकाच गावातली माणसं सारखी बोलतात, म्हणजे प्रत्यक्षात अडचण याहून मोठी. त्यात परत दोन जिल्ह्यांची तुलना घातलीत तर ७५ च्या चार गटांतून काहीच निघणार नाही. त्यांच्याकडे २,७५४ माणसं होती. तेव्हा थेट प्रश्न ठेवा, मुलाखती स्थानिक नेपाळी मुलींकडून घ्या आणि तुम्ही स्वतः त्या अंगणात उभ्या राहू नका.

दहा वर्षांपूर्वी तुमचं मत काय होतं, हे मात्र विचारू नका. माणूस आजचं मतच मागे नेऊन सांगतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नुवाकोट-धादिङची तुलना मार्गदर्शकांना आजच कळवते, ‘आधी’चा त्यांचा आक्षेप यात बराचसा सुटतो असं वाटतंय. वीजविक्रीचा प्रस्ताव बाजूला ठेवते.

एक शंका उरते. घर कुणाच्या मदतीने झालं हे पहिल्यांदाच विचारलं, तर भारताचं नाव आधीच डोक्यात येईल आणि पुढची उत्तरं त्याच रंगात येतील. हा प्रश्न शेवटी नेला तर चालेल का? की सगळ्या देणगीदार देशांची यादी वाचून दाखवून, त्यात भारत मध्येच कुठेतरी ठेवावा? आणि धादिङ किंवा नुवाकोटमध्ये शाळा-कॉलेजात शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नेपाळी वाचता येतं मला, पण प्रश्नावलीतली भाषा गावातल्या आजीला कळेल अशी आहे का, हे तिथल्याच माणसाने बघायला हवं.