हाताने लिहिलेला कोड म्हणजे क्राफ्ट बिअर? काहीतरीच!

सेमीकोलन
पिक्सेलपंतांचं परवाचं लेखन वाचून डोकं फिरलं. तिथे प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: पंतांनी एका क्लायंटची अख्खी साइट वीकेंडात एआयकडून करून घेतली, आयपीएचा (कडवट चवीची क्राफ्ट बिअर) ग्लास भरला आणि जाहीर केलं की "यापुढे हाताने लिहिलेला कोड म्हणजे क्राफ्ट बिअर. हौशी लोक जास्त पैसे मोजतील, बाकी दुनियेला किंगफिशर पुरते. डोळे बांधून दिली तर फरक कळतो कोणाला?"

पंत, मीही याच धंद्यात केस पिकवलेत. फरक कळतो. 2024 च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला एवढंच खटकलं की एसएसएच लॉगिनला (सर्व्हरमध्ये दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-आम्ही 'नेटवर्क असेल' म्हणून चहाला गेलो असतो. तो खणत गेला आणि एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, फाइली आकसवणाऱ्या प्रोग्रामात मुद्दाम पेरलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, वर आलं. थोडं उशिरा सापडतं तर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांची चावी कोणाच्या तरी खिशात असती. किंवा 2025 चा सप्टेंबर घ्या. पॅकेजेस सांभाळणाऱ्या एका मेंटेनरला फिशिंगचा मेल आला, तो फसला आणि चॉक, डीबग सकट 18 एनपीएम पॅकेजेसमध्ये (जावास्क्रिप्टवाले उचलून वापरतात ते तयार कोडचे गठ्ठे) घातक कोड शिरला. तुमच्या वीकेंडच्या साइटच्या लॉकफाइलमध्ये, म्हणजे साइटने ओढून आणलेल्या पॅकेजेसच्या यादीत, काय काय आलंय, पाहिलंत का? की तेही एआयलाच विचारणार?

माझं म्हणणं सोपं आहे. हाताने केलं की यंत्राने, याला कोण विचारतो? माल नासला तर तो कुठे नासला हे सांगणारा माणूस जागेवर आहे का, ते सांगा. बिअरचंही तेच असावं. यीस्टमास्तर सांगतीलच.

यीस्टमास्तर
हाक मारलीत म्हणून आलो. पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवतो. आधी 'हाताने बनवलेली' हे डोक्यातून काढा. पंप आहेत, चिलर आहे, तापमान पॅनेलवर सेट होतं. माझ्या हाताला काय येतं, तर साफसफाई. कॉस्टिक फिरवा, धुवा, अ‍ॅसिड फिरवा, परत धुवा, मॅश टनमधला (धान्य गरम पाण्यात भिजवतात ती टाकी) गरम भुसा फावड्याने ओढून काढा. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चाखत बसतो.

पण सेमीकोलन यांचा मुद्दा बरोबर आहे. मागे एका बॅचला लोण्याचा वास होता. डायअ‍ॅसिटाइल. दोन दिवस टाकी जरा उबेला ठेवली असती तर यीस्टनेच ते खाऊन टाकलं असतं, पण मॅनेजरला शनिवारी नळ चालू हवा होता. गिऱ्हाइकाला कळलंही नसतं, पॉपकॉर्नबरोबर तर नाहीच. तरी ओतून दिली. महिनाभर बोलणी खाल्ली.

म्युनिककर
1516 च्या शुद्धता कायद्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच आहे. तुमच्याकडे बिअरमध्ये आंबा, कोकम, कॉफी, काय वाट्टेल ते घालतात आणि वर त्याला क्राफ्ट म्हणतात. इथे सुपरमार्केटात युरोभरात अर्ध्या लिटरची बाटली मिळते, ती तुमच्या पबातल्या पाचशेच्या ग्लासापेक्षा चांगली असते.

यीस्टमास्तर
@म्युनिककर, त्या कायद्यात यीस्टही नव्हतं. आणि तुमची लाडकी गव्हाची बिअर त्या कायद्यात बसत नव्हती. पुढे तिची मक्तेदारी बव्हेरियाच्या राजघराण्याने स्वतःकडे ठेवली. शुद्धता वगैरे ठीक, पण गहू पाववाल्यांसाठी राहावा हाही हेतू होता म्हणतात. राहिला पाचशेचा ग्लास. त्यात जागेचं भाडं किती, कर किती, याचा हिशेब तुमच्या सुपरमार्केटात बसून नाही कळायचा.

कोथरूडकर काकू
कर वाढवला तेच बरं केलं. 2025 मध्ये विदेशी मद्यावरची ड्युटी वाढवली आणि बिअरला मात्र सोडलं, का? तीच पोरं पितात ना? कल्याणीनगरला 2024 च्या मे महिन्यात पोर्शेखाली दोन जीव गेले, तुमच्यासारखेच इंजिनिअर होते बिचारे. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. जामिनाची अट काय, तर 300 शब्दांचा निबंध लिही! कायद्याने बिअरला एकवीस वर्षं लागतात, दारूला पंचवीस. पबच्या दारात कोणी आधारकार्ड मागितलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सेमीकोलन
काकू, मुद्दा गंभीर आहे, पण धागा कोडचा आहे हो.

चांदागडचा
काकू, कर न् बंदी, दोन्हीचा नमुना आमच्याकडे पाहून घ्या. 2015 च्या एप्रिलपासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, 2021 ले उठली. मी सांगून राहिलो तुम्हाले, एक दिवस दारू बंद नव्हती. नदीपलीकडं वणी, तिथून पोतंच्या पोतं येत होतं. दोनशेची बाटली पाचशेले. माझ्या चुलतभावाच्या लग्नात बिअर आली ती कशात, तर ताकाच्या कॅनमंदी. पुण्यात बसून 'बरं केलं' म्हणाले काय जाते!

मूलवासी
@चांदागडचा, मी पुण्यात बसलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावातच वाढले. तुम्हाला ताकाचा कॅन आठवतो. मला आठवतं ते हे की बंदीच्या आधी पगाराच्या दिवशी आई आम्हा बहिणींना घेऊन मामाकडे झोपायला जायची. बंदीनंतर दारू मिळायची हे खरं, पण ती महाग होती आणि चोरून आणावी लागायची. बाबांच्याने रोज ते झालं नाही. आमच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. 2010 मध्ये दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरपर्यंत बाया पायी चालत गेल्या, त्या काय पिकनिकला?

चांदागडचा
ताई, तुमच्या घरचं दुःख मी नाकारत नाही. पण विषारी दारू पिऊन मेले त्याइचं काय? तस्करीत शाळकरी पोट्टे लागले त्याइचं काय? बंदी उठवली ते उगाच काय?

मूलवासी
उठवली कारण महसूल पाहिजे होता. गडचिरोलीत 1993 पासून आहे, ती का नाही उठवली मग?

चांदागडचा
तिथं दारू भेटत नाही असं वाटते काय तुम्हाले? काहून भोळेपणाचं सोंग घेता!

मूलवासी
भोळेपणा? रात्री कडी लावून बसलेल्या घराला भोळं म्हणायची तुमची हिंमत कशी होते? लग्नातल्या बिअरचे किस्से सांगणाऱ्या माणसाशी मला बोलायचंच नाही.

चांदागडचा
बरं, सोंग हा शब्द मागं घेतो. बाकी एक अक्षर नाही.

निमूट
मी कधी लिहीत नाही, पण बिअरवाल्यांना एक सांगायचंय. बिरा बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या नावातून 'प्रायव्हेट' शब्द गेला, तर राज्याराज्यांत लेबलं नव्याने नोंदवावी लागली आणि विक्री खोळंबली. एक स्ट्रिंग बदलली, सगळं प्रॉडक्शन बंद. यापेक्षा मोठा डेव्हलपर-विनोद मी ऐकलेला नाही.

पिक्सेलपंत
अख्ख्या लेखात बिअरची दोन वाक्यं होती. त्यावर चिमूरचा मोर्चा, बव्हेरियाचं राजघराणं आणि कंपनी कायदा झाला, धन्य आहे.

सेमीकोलन, फ्रॉइंडचं उदाहरण चोख आहे, ते दिलं. पण तो अर्धा सेकंद त्याने नाडी बघून ओळखला नाही. तो बेंचमार्क घेत होता, पुढे वेळ कुठे जातोय ते दाखवणारा प्रोफायलर लावला, व्हॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या टूलच्या तक्रारी त्याला आठवल्या. यंत्रांनी दाखवलं तेव्हा माणसाला दिसलं. आणि ते बॅकडोअर? माणसानेच घातलं होतं. दोन-अडीच वर्षं गोड बोलून, पॅच पाठवून विश्वास कमावून. एआयने नाही.

सेमीकोलन
दाखवलं यंत्राने, पण हट्ट कोणाचा होता? यीस्टमास्तरांच्या त्या मॅनेजरसमोर पण थर्मामीटर होताच की. आणि माझा प्रश्न तसाच आहे. लॉकफाइल पाहिलीत का?

पिक्सेलपंत
पाहिली. तुमचा धागा वाचल्यावर पाहिली, व्हा खूश. थेट डिपेंडन्सी (साइट ज्यांच्यावर चालते ती पॅकेजेस) अकरा, त्यांच्यामागून आलेल्या आठशेच्या वर. तारीख निवडायला एक पॅकेज आणि ती तारीख फॉरमॅट करायला अजून तीन. क्लायंटची साइट आहे लग्नाच्या हॉलची, त्यात तारखेचा एकच चौकोन आहे. पण तुम्ही हाताने लिहिता तेव्हा नोड मॉड्यूल्सचं फोल्डर, जिथे ही सगळी पॅकेजेस येऊन पडतात, ते काय रिकामं असतं?

सेमीकोलन
नसतं. पण माझ्या फोल्डरातलं काय कशाला आणलं ते मला सांगता येतं. निम्म्याचं तरी.

यीस्टमास्तर
निम्म्याचं! आम्ही निम्मी टाकी धुतली तर लायसन्स जाईल.

कोथरूडकर काकू
जायलाच पाहिजे. आणि आधारकार्डाचं कोणीच बोललं नाही अजून.

यीस्टमास्तर
काकू, आमच्या दारात मागतात. परवा माझ्या सख्ख्या भाच्याला परत पाठवलं, वीस वर्षांचा आहे. बहीण अजून माझ्याशी बोलत नाहीये.

कोथरूडकर काकू
बहिणीचा नंबर पाठवा, मी बोलते तिच्याशी.