मदत हवी: हॉलमधल्या पाटीवरचा ऑइलपेंट कसा काढायचा? तातडीनं

मलप्रभाकाठ
मेमोरियल हॉलमधल्या पाटीवर कुणीतरी ऑइलपेंट फासलाय. रविवारपर्यंत काढायचाय. खालची नावं वाचायची आहेत. थिनर चालेल की वायर ब्रशच मारू? कृपा करून इतिहास सांगत बसू नका, उपाय सांगा.

निपाणकर
कुठला हॉल? पाटी लाकडाची, पत्र्याची की दगडाची?

मलप्रभाकाठ
अहो गावातला मेमोरियल हॉल. दगडाची. सगळ्यांना माहीत आहे की.

निपाणकर
तुमच्या गावातल्या सगळ्यांना असेल. मी निपाणीत बसलोय.

टिळकवाडी_२
ॲसिड टाका. आमच्या बाथरूमच्या फरशीवरचा रंग मी त्यानंच काढला. दहा मिनिटांत चकाचक.

रंगारी_शहापूर
दादा, थांबा! आधी दगड कसला ते सांगा. काळा दगड असेल तर निभावेल, पण संगमरवर असेल तर ॲसिड पडल्या पडल्या फेस येतो. तो फेस म्हणजे दगडच विरघळायलाय. रंगाबरोबर अक्षरंही जातील. वायर ब्रशनं तेच, जरा उशिरा. अक्षरांत शिसं भरलेलं असलं तर तेही सुटून येईल.

टिळकवाडी_२
आमची फरशी अजून जागेवर आहे.

रंगारी_शहापूर
तुमच्या फरशीवर कुणाचं नाव होतं काय?

मलप्रभाकाठ
दगड पांढरा आहे, कडेला रंग उडालाय तिथं दिसतंय. बाकी माहिती: खानापूर तालुका, कौलारू हॉल, आत स्टेज. आमच्या लहानपणी जत्रेची नाटकं तिथंच व्हायची. आता सोसायटीची खताची पोती आणि एका मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात. झाडलोट होते ती मतदान आणि पोलिओ डोस असला तर. आजोबांचे चुलते लढाईत गेले, त्यांचं नाव पाटीवर आहे असं घरात सगळे म्हणतात. पुण्याहून भाऊ रविवारी येणार, त्याला दाखवायचंय.

नाट्यवेडा
रंग राहू दे, स्टेज केवढं आहे ते सांगा! कौलारू हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत आवाज जातो, माइक लागत नाही. आमचा ग्रुप कोनवाळ गल्लीत लोकमान्य रंगमंदिराची तारीख मिळते का बघत बसलाय आणि तुमच्याकडं खताला नेपथ्य! रंगीत तालमीला द्याल काय? पोती आम्ही उचलतो.

निपाणकर
कुठली लढाई? १४ची, ३९ची, की ६५ची?

मलप्रभाकाठ
बसऱ्याची.

गडहिंग्लजची_लेक
माझी मुलगी अमेरिकेत नॅशव्हिलला असते. तिथंही पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२५ मध्ये असंच वॉर मेमोरियल ऑडिटोरियम बांधलं. १९३९ ते ४३ ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम तिथून व्हायचा. गर्दी आवरेना म्हणून २५ सेंटचं तिकीट लावलं! आणि आपल्याकडं युरिया.

टिळकवाडी_२
मॅडम, अमेरिका राहू दे. असा हॉल बेळगावी जिल्ह्यात आणखी कुठं आहे काय?

निपाणकर
बेळगाव म्हणा.

टिळकवाडी_२
१ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. मी काय बारसं केलं नाही. माझ्या लाइट बिलावरही तेच येतं.

निपाणकर
बिलावर काय वाट्टेल ते येऊ दे.

माजी_सुभेदार
नावाचं भांडण बाहेर. मलप्रभाकाठ, एक स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगाव पाट्या लावल्या. मी पाहिलेल्या बहुतेक पाट्यांवर नावं नाहीत. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच. तुमची पाटी आधी उघडी असताना कुणी वाचली होती? त्यावर नाव होतं असं बघितलेला माणूस कोण?

मलप्रभाकाठ
आजी सांगायची.

माजी_सुभेदार
आजींना वाचता यायचं?

मलप्रभाकाठ
नाही.

माजी_सुभेदार
बरं. बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आताचा इराक. आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैदेतही पुष्कळ गेले. ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं. पण तिथंही दगडावर गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली आणि साध्या शिपायांची फक्त संख्या.
नाव दगडावर शोधू नका, नोंदीत शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. आडनाव नसलं तर घाबरू नका. स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीचं, चार तऱ्हांनी टाका. आणि हो, जिल्हा जुन्या इंग्रजी स्पेलिंगनंच टाका, म्हणजे बेळगाव.

निपाणकर
😌

रंगारी_शहापूर
सुभेदारसाहेबांचं पटलं. आणि नुसतं वाचायचंच असेल तर रंग काढायचाच कशाला? कोरलेलं आहे ना? रात्री सगळे दिवे बंद करा, टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी मारा. खाचांत सावली पडते, रंगाखालचंही दिसतं. दगडाला हात लावायच्या आधी हॉल कुणाच्या नावावर आहे तेवढा उतारा बघा, नाहीतर तुमच्यावरच केस.

मलप्रभाकाठ
पंचायत म्हणते सोसायटीचा, सोसायटी म्हणते पंचायतीचा. चावी मंडपवाल्याकडं.

टिळकवाडी_२
थोडं पाणी घालून ॲसिड लावलं तर?

मलप्रभाकाठ
काल रात्री जाऊन आलो. टॉर्चची आयडिया चालली, रंगारीदादा, उपकार झाले. सुभेदारसाहेब, तुमचं खरं निघालं. नाव नाही. इंग्रजीत लिहिलंय, गावातनं इतके गेले, त्यातले इतके मेले. गेले तो आकडा नीट लागला. मेलेल्यांचा इंग्रजी तीन आहे की आठ ते दीड तास बघितलं तरी ठरेना. भावाला काय सांगू? पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, अर्ज द्यायचाय, पोती हलवा म्हणून. कुणी चांगल्या कन्नडमध्ये लिहून देईल काय?

गडहिंग्लजची_लेक
माझी जाऊ देईल, धारवाडची आहे. मेसेज करा.

रंगारी_शहापूर
टॉर्च वरनं मारली असणार. उभ्या रेघा दिसायला बाजूनं मारायला लागते. आणि खाली मराठी मजकूर नाही काय?

मलप्रभाकाठ
आहे. पोत्यांच्या मागं गेलाय.

निपाणकर
मग दोन पोती सरकवा की हो! मराठीत ३ आणि ८ चा घोळ होत नाही.