टीव्हीची साइज खोली बघून नाही, डोळ्यापासून मोजून ठरवा

काटकोन: काल इथे एकाने लिहिलं, "दहा बाय बाराच्या खोलीत ४३ इंची भरपूर झाला, मोठा म्हणजे नुसता दिखावा आणि वर डोळ्यांची वाट." राहवलं नाही. खोलीच्या मापाचा संबंधच नाही हो! सोफ्याला टेकून बसा आणि डोळ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावा. माझं साडेसात फूट भरलं, म्हणजे ९० इंच. पडद्याने नजरेचे ३० अंश तरी व्यापावेत हा एसएमपीटीईचा, म्हणजे सिनेमा-टीव्हीच्या इंजिनिअरांच्या अमेरिकेतल्या संस्थेचा हिशोब, त्यासाठी १.६ ने भागायचं, ५६ इंची टीव्ही आला. सिनेमासारखे ४० अंश हवे तर १.२ ने भागा, थेट ७५. मी वर्तमानपत्रं जोडून ५५ इंचीच्या मापाचा, १२२ बाय ६८ सेंटिमीटरचा तुकडा चार दिवस भिंतीला चिकटवून ठेवला आणि मगच ५५ घेतला. लांब बसायचा नियम ट्यूबवाल्या टीव्हीचा, त्यात चित्र ५७६ आडव्या रेघांचं. आताच्या फोर-के टीव्हीला २१६० आहेत.

जुनीखिडकी: आणि बघता काय त्यावर? आमच्याकडे दिवसभर केबलच्या मालिका. नवऱ्याने हौसेने ६५ आणला, जुन्या चॅनलवर माणसांचे चेहरे नुसता चिखल. आणि आई आम्हाला मागे सरका म्हणून ओरडायची ते काय उगाच?

काटकोन: उगाच नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्हींतून जास्त क्ष-किरण निघतात हे सापडलं होतं. पण आता ती नळीच नाही. डोळे थकतील, जाणार नाहीत.

मानदुखी: साइजवर भांडताय, उंचीचं कोणीच बोलत नाही! इंटिरियरवाल्याने आमचा ब्रॅकेट पाच फुटांवर ठोकला, म्हणे "शोभून दिसतो". आठ महिने मी मानेला शेक घेतेय. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर असतात, पडद्याचा मध्य तिथेच हवा.

जुनीखिडकी: लहान पोर नाही वाटतं तुमच्याकडे. भाच्याने खेळण्यातली गाडी मारली आणि खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत चीर गेली. तेव्हापासून वरच लावतो.

मानदुखी: म्हणून मोठ्यांनी जन्मभर मान वर करून बसायचं? आणि पोराची एवढी काळजी आहे तर स्टँडवरचा टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधा, अंगावर आला तर काय कराल?

पडूनबघणारा: बेडरूममध्ये उशीला टेकून बघताना वरचाच बरा पडतो, जरा खाली झुकवायचा. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

मानदुखी: बेडरूमचं सोडा, मी हॉलचं बोलतेय, नीट वाचा तरी.

काटकोन: अहो, धागा साइजचा होता. जुनीखिडकी, तुमचं अंतर किती ते तर सांगा.

जुनीखिडकी: मोजलं. नऊ फूट चार इंच. भागिले १.६ म्हणजे ७०, तेव्हा ६५ चुकला नाही, मानलं. पण केबलवरचा चिखल त्या भागाकाराने जात नाही, तेही तुम्ही माना.

काटकोन: ते मानतो. चित्रच कमी रेघांचं आलं तर मोठा पडदा ते आणखी उघडं पाडतो. एचडीचं पॅक घ्या, टीव्ही बदलू नका.