मदत हवी आहे: सेंट बर्नार्ड की गोल्डन रिट्रिव्हर? (इंदूर)

निमा_इंदूर
नमस्कार. घरात कुत्रा आणायचा हे ठरलंय. यादी कापून कापून दोनच नावं उरलीत. नवऱ्याला सेंट बर्नार्ड हवा, मुलीला गोल्डन रिट्रिव्हर. ब्रीडरने दोन्ही पिल्लं रविवारपर्यंत धरून ठेवलीत, त्याआधी टोकन द्यायचंय. कोणता घेऊ एवढंच सांगा. 'पाळूच नका' आणि 'रस्त्यावरचं घ्या' हे दोन सल्ले घरात ऐकून झालेत, ते नकोत.

रामबागकर
फ्लॅट की स्वतंत्र घर? माणसं किती? आधी कुत्रा होता का?

झिपऱ्याची_आई
गोल्डन. डोळे मिटून.
आमचा ३२ किलोचा आहे. लहान मुलं, पाहुणे, गॅसवाला, सगळ्यांवर सारखंच प्रेम. राखणीला मात्र शून्य, चोराला चप्पल आणून देईल. केस वर्षभर गळतात आणि वर्षातून दोनदा आतली लव सुटते तेव्हा विचारू नका. कणकेत, वरणात, पैठणीवर. रोज ब्रश नाही फिरवला तर कानामागे गुठळ्या होतात, मग त्या कात्रीनेच काढायच्या. आणि आंब्याच्या दिवसांत कोयी झाकून ठेवा. आमच्याने एक गिळली, ती आतड्यात अडकली, ऑपरेशन करावं लागलं.

निमा_इंदूर
फ्लॅट आहे. एसी आहे. बाकीचं कशाला हवंय कळत नाही, मी जात विचारतेय.

उंदीरमामा
कारवान घ्या. आपल्या मातीतला, उन्हाला भीत नाही, केस गळतात ते दिसतसुद्धा नाहीत. ही बर्फातली जनावरं माळव्यात आणून कुलरपुढे बसवायची कशाला?

झिपऱ्याची_आई
उंदीरमामा, कारवान शिकारी कुत्रा आहे. पळायला माळरान लागतं, हॉल नाही. आणि त्यांनी विचारलंय काय?

सुदामानगरचा_बाळ्या
सेंट बर्नार्ड पाळणारा मी एकटाच दिसतोय, तेव्हा ऐका.
आमचा ६८ किलो. स्वभावाने गरीब गाय. स्विस आल्प्समधल्या खिंडीतल्या मठात वाढलेली ही जात, बर्फात अडकलेले प्रवासी शोधणारी. त्यांच्यातला बॅरी तर बर्नच्या म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलाय. आमचा मात्र फक्त फ्रीज शोधतो.
लाळेचं कोणी आधी सांगत नाही. डोकं झटकलं की पंख्याच्या पात्यापर्यंत तार जाते. भिंतीवर वाळली की चुन्यासकट निघते. शेवटी हॉलमध्ये कमरेइतका ऑइल पेंट मारून घेतला.
एप्रिल ते जून फिरणं पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री दहानंतर. माळव्याची रात्र गार पडते म्हणून निभतं. दर उन्हाळ्यात मशीन लावून सगळे केस काढून टाकतो, पठ्ठ्या खूश.

चष्मेवाला_पशुवैद्य
बाळ्याभाऊ, मशीन लावू नका. दोन थरांचे केस असतात, ते ऊनही अडवतात. आतली सुटी लव विंचरून काढा, वरचे केस राहू द्या. पूर्ण काढले तर कातडी भाजते आणि काहींना केस पुन्हा नीट येत नाहीत.

सुदामानगरचा_बाळ्या
डॉक्टर, पुस्तक एक सांगतं, माझा कुत्रा दुसरं. केस काढल्यावर धापा कमी टाकतो, हे डोळ्यांनी बघतो मी.

चष्मेवाला_पशुवैद्य
कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. गारवा मिळतो तो धापेतूनच, तोंडातली ओल उडून जाते म्हणून. त्यामुळे हवा दमट झाली की कुलर कामाचा नाही, उलट ओल वाढवतो. एसी चालेल, पण वीज गेल्यावर काय? म्हणून विचारतो निमाताई: दुपारी दोन वाजता घरी कोण असतं?

निमा_इंदूर
सासूबाई. मुलगी शाळेत, आम्ही दोघं ऑफिसात.

रामबागकर
सासूबाईंचं वय? कितवा मजला? लिफ्ट?

निमा_इंदूर
७१. तिसरा. लिफ्ट आहे, वीज गेली की बंद. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण त्यांना कुत्री आवडतात, सकाळी पोहे करताना बाल्कनीतून खालच्या कुत्र्यांशी गप्पा मारतात.

पोहेजिलबी
कुत्र्याला पोहे चालतात, आमचा खातो.

चष्मेवाला_पशुवैद्य
कांदा घातलेले चालत नाहीत. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षंही नकोत, मूत्रपिंड जातं.

पोहेजिलबी
इंदुरी पोह्यात कांदा वरून घालतात भिया, काढता येतो. वरून भुरभुरायचा जिरावण मसाला चालेल का?

उंदीरमामा
जिरावण आता पहिल्यासारखं राहिलं नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीत तर नुसती शोबाजी.

रामबागकर
जिरावणासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. निमाताई, सेंट बर्नार्ड विसरा. ७० किलोचा कुत्रा आजारी पडला आणि लिफ्ट बंद असली तर तीन मजले चादरीत घालून उतरवायला चार माणसं लागतील. दुपारी दोनला ती कुठून आणणार? या जातीत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, तेव्हा काही तासांत जीव जातो. अंघोळीचं तर बोलूच नका, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं.

सुदामानगरचा_बाळ्या
माझ्याकडे अंगण आहे म्हणून जमतं, हे मान्य. तिसऱ्या मजल्यावर मीही नसता घेतला. पण गोल्डनही दोन वर्षांचा होईपर्यंत वादळ असतो. साखळीला हिसका दिला तर सासूबाई जमिनीवर.

झिपऱ्याची_आई
हे खरंय. त्यांच्या हातात साखळी देऊच नका. सकाळ-संध्याकाळ तुम्ही दोघं, दुपारी फक्त सोबत.

गोंड्याचा_बाबा
आमचा पॉम रात्री दोनला भुंकतो, काय करावं?

चष्मेवाला_पशुवैद्य
निमाताई, पिल्लांचं वय काय? आईबाप पाहिलेत का? दोन्ही जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा आजार येतो, आईबापांचे एक्सरे मागा. महूला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथे पिल्लू दाखवून घ्या.

निमा_इंदूर
वय ३५ दिवस म्हणाला. आई 'दुसऱ्या गावी' आहे. फोटो पाठवलाय.

रामबागकर
आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. आईपासून इतक्या लवकर तोडलं की चावरं होतं. टोकन देऊ नका.

झिपऱ्याची_आई
आणि फोटोतली आई कुठल्याही पिल्लाची असते.

निमा_इंदूर
ब्रीडरला आई प्रत्यक्ष दाखवा म्हटलं, तर म्हणे मॅडम, दुसरं गिऱ्हाईक रांगेत आहे. म्हटलं द्या त्यालाच. मुलगी रुसलीय. गोल्डनच घेणार, पण आई बघून, दिवाळीनंतर. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही, त्याने आज सकाळपासून सामोयेडचे, म्हणजे सायबेरियातल्या त्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याचे, व्हिडिओ लावलेत.

उंदीरमामा
कारवान.