दाब वाढला की रेणू मंदावतातच असे नाही

तापवले की रेणू मोकळे होतात आणि दाबले की जखडतात, असे द्रवांबद्दल एक मत मांडले जाते; ग्लिसरिनपुरते ते मला मान्य आहे. पाण्याला मात्र ते सरसकट लागू होत नाही. साधारण 33 अंश सेल्सिअसच्या खाली पाण्यावरचा दाब वाढवत नेला, तर त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, सुरुवातीला चक्क कमी होते, आणि शून्य अंशाजवळ तर हजार बारच्या (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) पुढे गेल्यावरच ती पुन्हा वाढू लागते. क्ष-किरणांमुळे ओळखल्या जाणाऱ्या रोंटगेन यांनी 1884 सालीच ही गोष्ट नोंदवली होती. थंड पाण्यात प्रत्येक रेणूभोवती चार शेजाऱ्यांची ऐसपैस चौकट असते; दाबामुळे रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध वाकतात, पाचवा शेजारी जवळ सरकतो आणि जुना बंध सोडून नवा धरणे रेणूला सोपे जाते.

मी जळगावात प्रात्यक्षिके घेतो. ग्लिसरिनमधून गोळी पडण्याचा प्रयोग जानेवारीच्या सकाळी केला तर तिला लागणारा वेळ एप्रिलच्या दुपारच्या कितीतरी पट भरतो, म्हणून तापमान नोंदवल्याशिवाय मी कोणाचेही वाचन स्वीकारत नाही. पाण्याची गंमत याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतले पाणी सहज चाळिशी गाठते आणि तिथे ते दाबाला इतर द्रवांसारखाच प्रतिसाद देते. तेच पाणी जानेवारीत उलटे वागेल. अर्थात विहिरीत हे दिसणार नाही, कारण 100 मीटर खोल बोअरच्या तळाशीही पाण्याचा दाब जेमतेम 10 बार असतो.